दोन डाव्या बाह्या

मंगळवार, ३ मार्च

प्रिय थोरल्यास,

पाव तासानं मोठा आहेस म्हणून वाकून नमस्कार मागू नकोस, कंबर धरली आहे. इथूनच हात जोडते. तुझा गुडघा कसा आहे, खोकला गेला का, आणि कानातलं यंत्र डबीतून बाहेर आलं का, ते कळव. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनचं भरतोस. म्हणून हे पत्र.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वहिनीसाठी त्या वृद्धाश्रमात कायमची खोली घ्यायची, तुमचं घर सोडून द्यायचं आणि तू कुठेतरी एका खोलीत एकटा राहायचं, असं तू ठरवत आणलं आहेस. महिनाअखेरीला सही करायची आणि त्याआधी 'तुझं मत कळव' म्हणतोस. कळवते, पण आज नाही. आज माझंच डोकं ठिकाणावर नाही, आणि हे मी गमतीनं लिहीत नाही.

आधी कोटाचं सांगते. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या दारात उभा राहणारा दरवान तुला आठवेल. तू छत्री विसरलास तेव्हा मागे धावत आला होता, तोच. त्याचा कोट कोपरांवर विरला म्हणून हॉटेलनं नवं कापड दिलं, गडद निळी लोकर, एका अंगानं मऊ आणि दुसऱ्या अंगानं खरखरीत. कापड जेमतेम होतं, दुमडून कापण्याइतकं नव्हतं, म्हणून एकेक तुकडा सुटा कापायला घेतला. सुटं कापताना बाहीचा कागद एकदा सरळ ठेवायचा आणि दुसऱ्यांदा पालटून ठेवायचा. शिवणाच्या कारखान्यात नवीन आलेल्या पोरींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवत असे. आणि परवा सकाळी मी स्वतः कागद पालटलाच नाही. दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. नुसत्या कापल्या नाहीत, शिवूनही टाकल्या, आणि दुसरी बाही मुंढ्याला लावायला घेतली तेव्हा कुठे लक्षात आलं. कात्री हातात धरल्यापासून माझ्याकडून असं कधी झालेलं नव्हतं.

दरवान भला माणूस. "मावशी, दार मी डाव्या हातानंच तर उघडतो," म्हणाला आणि आणखी कापड मागवतो म्हणून गेला. तो होता तोवर मी हसले. तो गेल्यावर मशीनवर डोकं टेकवून रडले.

कारण नुसता कोट असता तर मी मनावर घेतला नसता. इस्त्री चालू ठेवून मी भाजी आणायला गेले. शेजारच्या शिक्षिकेला तिच्या मुलाच्या परीक्षेचं एकाच सकाळी दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना तिच्या तोंडावर जी दया आली ती मी पाहिली. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात तोल गेला. नळ धरला म्हणून वाचले, दंडावर जांभळा डाग आहे. सकाळी तर डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. चहा उतू जातो आणि मी त्याच्याकडे बघत उभी असते.

वहिनीचं असंच सुरू झालं होतं ना रे? आधी दूध, मग किल्ल्या, मग न्हाणीघर. तेव्हा तू मला फोन करून घाबऱ्या घाबऱ्या सांगायचास आणि मी मोठ्या शहाणपणानं 'वय झालं की होतं असं' म्हणायचे. आता स्वतःवर आल्यावर शहाणपण कुठल्या कुठे गेलं. वहिनीच्या कागदावर सही करायला तू तरी आहेस. माझ्या कागदावर कोण करणार? तूच ना? तुला सही करायची सवयच लागणार म्हणायची.

झोपेची तक्रार मात्र आता नाही. डिसेंबरात आलास तेव्हा तू दिलेल्या गोळ्यांनी दगडासारखी झोप लागते. "मला लागू पडली म्हणजे तुला पडणारच," म्हणालास, अगदी आईच्या सुरात. ताप तुला आला तरी चमचा दोघांना! 'जुळ्यांचं अंग एकच, आज याला तर उद्या तिला.' तू नाक धरून गिळायचास आणि मी काही झालेलं नसताना कडू तोंड करून बसायचे. तिची ही न्यायाची पद्धत तू पुढे वजनमाप खात्यात नेलीस. किलोवर शिक्का मारला की किलो सगळीकडे किलो, मग तागडी कोणाची का असेना. दुकानदार तुला किती शिव्या देत असतील याचा तू कधी विचार केला नाहीस.

शनिवारी वहिनीला भेटायला जाईन म्हणते. दर वेळी तुझ्याबरोबर सकाळी जाते, या वेळी एकटी संध्याकाळच्या बसनं जाईन, कारण सकाळी मी कुठे जाण्याच्या लायकीची नसते. तिला बघून आले की मग तुला मत कळवीन. तोवर घाई करू नकोस.

तुझी,
धाकटी


गुरुवार, १२ मार्च

प्रिय थोरल्या,

नमस्कार-चमत्कार मागच्या पत्रात झाले, ते याही पत्राला पुरवून घे. दोन बातम्या आहेत. आधी तुझ्या बायकोची सांगते, कारण तू पत्र उघडून तीच शोधणार.

शनिवारी गेले. ती लांबच लांब बैठकीची खोली, भिंतीला लागून खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही. आपण सकाळी जातो तेव्हा वहिनी त्या खुर्चीत मान टाकून बसलेली असते. मी तशाच तयारीनं गेले होते. ती खिडकीशी उभी होती. उभी! मला बघून म्हणाली, "किती उशीर केलास गं. बस चुकली?"

मी बसले. कोट पिशवीत होता. दोन्ही बाह्या नव्यानं बसवायच्या ठरवल्या, तिथे बसून टाके उसवावे म्हणून नेला होता, रिकाम्या हातांनी बसायची मला सवय नाही. तिनं पिशवीतून बाह्या काढल्या, मांडीवर ठेवल्या, कापडाच्या मऊ अंगावरून अंगठा फिरवला. तुला आठवतं ना, कारखान्यात माझ्या शेजारी बसून बटणांची काजं करायची तेव्हा कापडाला असाच अंगठा लावून बघायची. मग माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही डाव्या," म्हणाली. "गिऱ्हाईकाला उजवा हात नाही का?"

मी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही तू कापलीस?" आणि थोरल्या, ती हसायला लागली. आपण तिला शेवटचं हसताना कधी पाहिलं? डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "माझ्याकडून झालं असतं तर कारखान्याच्या अख्ख्या रांगेला सांगितलं असतंस. आता मी सांगते बघ सगळ्यांना." मग जेवणाची घंटा होईपर्यंत आम्ही दोघींनी बाह्या उसवल्या. एक तिनं, एक मी. तिच्या बाहीचा दोरा अखंड निघाला, माझ्या बाहीचा तुटला. मध्येच एकदा तिनं मला माझ्या आईचं विचारलं, जिवंत असल्यासारखं. ते मी लपवत नाही. पण एकदाच.

निघताना म्हणाली, "तो का येत नाही?"

"येतो की गं, रोज सकाळी येतो," मी म्हटलं.

"सकाळी कशाला येतो? सकाळी मला त्याचं बोलणं लांबून आल्यासारखं येतं. संध्याकाळी ये म्हणावं."

तिथल्या मदतनीस बाईला मी दारात विचारलं. ती म्हणाली, "आजी संध्याकाळी चांगल्या असतात. सकाळी मात्र पार गुंगीत." आणि ती पुढच्या कामाला गेली, त्यात विशेष काही नसल्यासारखी.

दुसरी बातमी माझी. दंडाचा डाग उतरेना म्हणून सोमवारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधीच निरोप दिला होता, घरातली असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणा. त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि भाजी निवडावी तसं एकेक बाजूला करत गेल्या. तुझं पाकीट आलं तेव्हा हात थांबला.

"ही कोणाची?"

"माझी. म्हणजे भावाची."

"भावाची म्हणजे?"

"जुळा भाऊ आहे," मी जरा ऐटीतच म्हटलं.

"त्याच्या चष्म्यानं वाचता का तुम्ही?"

बाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण समजावून सांगतात. म्हणाल्या, औषध पोटात जाताना सगळ्यांना सारखंच दिसतं, खरा फरक ते अंगातून बाहेर पडताना होतो. ही गोळी पुरुषाच्या अंगात लवकर मोडते, बाईच्या अंगात हळू. शिवाय ती चरबीत जाऊन मुरते, आणि बाईच्या अंगात चरबीचा वाटा जास्त. त्यात वय. म्हातारपणी अंगातलं पाणी आटतं, यकृत मंदावतं, मूत्रपिंडं दमतात, मेंदू मात्र अशा औषधाला जास्तच बळी पडतो. "तुमच्या भावाची रात्रीची गोळी सकाळपर्यंत संपत असेल. तुमची दुपारपर्यंत कामावर असते. आणि ती पुरती उतरायच्या आत तुम्ही दुसरी घेता. म्हणून कापूस, म्हणून न्हाणीघर."

"आणि बाह्या?" मी विचारलं. त्यांना आधी कळेना. मग कोटाचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, ते मला आवडलं. म्हणाल्या, "बाह्यासुद्धा."

मग मी विचारलं, मग सगळ्यांना एकच गोळी का देतात? त्या म्हणाल्या, आता तशी देत नाहीत. ही गोळी बाईला मुळातच कमी मात्रेनं सुरू करायची असते आणि आपल्या वयाच्या माणसांना शक्यतो द्यायचीच नसते. पण पूर्वी बरीच औषधं तपासली गेली ती तरण्या पुरुषांवर, आणि बाई म्हणजे लहान मापाचा पुरुष असं धरून सगळे चालले. थोरल्या, हे मात्र मला एका क्षणात कळलं. आमच्याकडे शिकाऊ पोरी हेच करायच्या. पुरुषाचा शर्ट चार बोटं आत घेतला की बाईचा झाला! होतो का? खांदा लोंबतो, मुंढा काचतो, छातीवर चुण्या पडतात. आणि सत्तरीतल्या बाईचं माप पुन्हा वेगळं, पाठीला कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. तिला तिचाच चाळिशीतला कागद चालत नाही, तिथे तुझा कुठून चालणार?

गोळी एकदम बंद करायची नाही, उतरवत आणायची, असं त्यांनी दोनदा बजावलं. मी अर्धीवर आले आहे. दोन रात्री छताकडे बघत काढल्या, पण आज सकाळी शिक्षिकेच्या मुलाचा निकाल तिनं पुन्हा न सांगता मला आठवला. लहान गोष्ट आहे, पण मी चहा पिताना मोठ्यानं 'पास झाला!' म्हणाले, घरात कोणी नसताना.

तर थोरल्या, एक काम कर. वहिनीला दिवसभरात काय काय औषधं देतात ते सगळं मला लिहून पाठव. दर रविवारी तूच ती डबी भरून तिथे देतोस ना? त्या डबीतलं सगळं. उगाच विचारते आहे, डॉक्टरीणबाईंनी मला औषधांचा नाद लावला आहे असं समज. आणि एकदा, फक्त एकदा, संध्याकाळी तिच्याकडे जा. सकाळची फेरी सोड एक दिवस, गुडघा काही रुसणार नाही.

सही करू नकोस. महिना संपायला वेळ आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. दरवानाला नवं कापड मिळालं. पण मी अजून कात्री लावलेली नाही.


मंगळवार, २४ मार्च

थोरल्या,

तुझं पत्र काल आलं. रागावला आहेस. 'संध्याकाळी ती सगळ्यांशीच गोड वागते, पाहुण्यासमोर लहान मुलंसुद्धा शहाण्यासारखी वागतात, आणि तुला एका दिवसात जे दिसलं ते रोज जाऊन मला दिसत नाही का,' असं लिहिलंस. बाकी सुतावरून स्वर्ग गाठतेस म्हणूनही लिहिलंस. लिहिलंस ते लिहिलंस. संध्याकाळी गेला नाहीस हे मात्र पत्रात कुठे लिहिलेलं नाही, ते मी ओळींच्या मधून वाचलं.

पण औषधं कळवलीस, व्यवस्थित, खात्यातल्या सवयीनं. रक्तदाबाची सकाळी. गुडघ्याची जेवणानंतर. शक्तीची एक. आणि सगळ्यात शेवटी, रात्री, 'आपली नेहमीची'.

आपली नेहमीची. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं, हात धुतले, पुन्हा येऊन वाचलं. ती ओळ तिथेच होती.

मागच्या पत्रात मी 'उगाच विचारते' लिहिलं ते खोटं होतं. डॉक्टरीणबाई तुझं पाकीट हातात धरून बोलत होत्या तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढे वहिनी खुर्चीत मान टाकून बसलेली आली होती. पण तुझ्याकडून कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. खात्री नव्हती म्हणून नाही. तुला हे सांगायचा धीर नव्हता. आताही नाही, पण महिना संपतो आहे, म्हणून सरळ लिहिते. वाचताना बस.

तुझं मोठं ऑपरेशन झालं, झोप उडाली, तेव्हा ही गोळी तुला दिली. तुला लागू पडली. वहिनी तुझ्या काळजीनं जागायची, तर तू तिलाही दिलीस. दोघं पलंगाच्या कडेला बसायचात आणि एका पेल्यातून गिळायचात, आधी ती, मग तू. तूच मला सांगितलं होतंस, कौतुकानं. मीही कौतुकानंच ऐकलं होतं. मग दूध उतू जायला लागलं. मग किल्ल्या. मग न्हाणीघरात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तू तिला तपासायला नेलंस, सकाळी, आणि डॉक्टरांनी कुठली औषधं चालू आहेत विचारलं तेव्हा रक्तदाबाची सांगितलीस, गुडघ्याची सांगितलीस. ही सांगितली नाहीस, कारण ती तुझी होती आणि तुझ्या लेखी ते औषधच नव्हतं. त्यांनी तिला त्या गुंगीत प्रश्न विचारले, तिला उत्तरं आली नाहीत, आणि स्मरणशक्ती चालली असं ठरलं. वृद्धाश्रमात तू डबी भरून दिलीस, त्यांनी ती चालू ठेवली. ती अजून चालू आहे. काल रात्रीही दिली असणार.

तुझी गोळी तिला, थोरल्या. तुझी मात्रा, तुझ्या अंगाच्या मापाची. ती तुझ्यापेक्षा हातभर लहान, काडीसारखी झालेली, आणि बाई.

मला तुझा राग आला. खरं सांगते, काल दिवसभर आला. इतका की तुला लिहायला घेतलेला पहिला कागद मी फाडला. वजनमाप खात्यात आयुष्य गेलं तुझं, दुसऱ्याच्या तागड्या तपासण्यात, आणि घरातल्या घरात हे! मग संध्याकाळ झाली आणि राग ओसरला, आणि मला आईचा चमचा आठवला. तिनं काही वाईट केलं का? आपण एवढेएवढेसे होतो, सारख्या वजनाचे, सारख्या उंचीचे, तेव्हा तो चमचा खपून गेला. आपण मोठे झालो, वेगळे झालो, आणि चमचा तोच राहिला. तू मलाही तोच दिलास आणि मी तोंड उघडून घेतला, एका शब्दानं न विचारता. तेव्हा तुझ्यावर दगड मारायला मी काही वरच्या पायरीवर उभी नाही.

मी डॉक्टरीणबाईंना वहिनीचं विचारलं. त्यांनी मला खोटी आशा लावली नाही, म्हणून मीही तुला लावत नाही. म्हणाल्या, न बघता सांगता येणार नाही. गोळीमुळे असेल, खराच विसराचा आजार असेल, दोन्ही असेल. पण ही गोळी अंगात असताना घेतलेली परीक्षा परीक्षाच नव्हे. आधी गोळी उतरवायची, मग थांबायचं, मग पुन्हा बघायचं. काय उरतं ते तेव्हा कळेल. माझ्या आईला तिनं जिवंत केलं होतं, ते मी विसरलेले नाही. तरी त्या बाहीचा दोरा तिनं अखंड काढला, तेही मी विसरणार नाही.

तर आता काय करायचं ते ऐक, आणि या वेळी मनचं भरू नकोस. गोळी तू स्वतः बंद करायची नाहीस. एकदम तोडलीस तर तिला दुसराच त्रास होईल, तेव्हा घाबरून आजच्या आज डबीतून काढू नकोस. सोमवारी दुपारी तिच्या डॉक्टरांकडे जा, डबी, पाकीट, सगळं पिशवीत घालून. 'ही माझी आहे, मी तिला देत होतो, इतके दिवस' असं तुझ्या तोंडानं सांग. तुला ते जड जाईल. मी बरोबर येईन, रविवारीच येते, बस दुपारी पोचते. आणि सही करायची नाही. मी मत द्यायचं टाळत होते ना? हे घे मत. घर सोडू नकोस. ती आली तर कुठे येणार?

रडू आलं तर रड, मी पण रडले. पण तिच्यासमोर नको. तिच्यासमोर माफी मागत बसू नकोस, तिला आधी तू हवा आहेस, माफी नंतर.

माझं म्हणशील तर गोळी सुटली. झोप कमी लागते, पण सकाळ माझी मला परत मिळाली. दरवानाची उजवी बाही परवा कापली. कागद पालटला, पुन्हा बघितला, शिक्षिकेला बोलावून तिलाही दाखवला, तिला काडीचंही कळत नाही तरी. बाही बसली छान. कोट आता तयार आहे, फक्त काजं राहिली आहेत. ती मी करू शकते, पण करणार नाही. दरवानाला मी तसं सांगितलं आहे. तो म्हणाला, थंडी तशीही सरत आली, मला घाई नाही.

कोट, रेशमी दोरा आणि सुई घेऊन मी रविवारी येते. तू हे पत्र मिळेल त्या दिवसापासूनच संध्याकाळी तिच्याकडे जायला लाग. ती खिडकीशी उभी असेल. 'किती उशीर केलास' म्हणाली तर वाद घालू नकोस, हो म्हण.

तुझीच, पण माझ्या मापाची,
धाकटी